आप्पांच्या बाह्या

बाप्तिस्मा व्हायच्या आधी वर्षभर मी नव्या सुनेसारखी वागत होते. सासरचं प्रत्येक भांडं हातात घेऊन बघायचं, कुठला सण कसा करतात ते पाठ करायचं आणि माहेरी गेलं की तेच सांगत सुटायचं, असं ते वागणं. वय बेचाळीस. लग्न केलेलं नाही, त्यामुळं हा हौसेचा काळ माझ्या वाट्याला उशिरा आला असं म्हणा हवं तर. माहेर म्हणजे निपाणी, आणि माहेरात आई गेल्यापासून एकटे आप्पा.

आप्पा म्हणजे माझे वडील, मराठी शाळेचे निवृत्त हेडमास्तर. आम्ही बौद्ध. आजोबांनी घरातले देव टोपलीत भरून वेदगंगेत सोडले तेव्हा टोपलीचा एक कान आप्पांनी धरला होता. त्या वेळी ते शाळकरी होते. आमच्या घरात देव्हारा नाही. भिंतीतल्या देवळीत शब्दकोश असतो. समोर बुद्धाची मूर्ती आणि निळ्या कोटातली ती तसबीर, रोज पुसलेली. उपास नाही, अंगारा नाही, नवस नाही. लहानपणी शेजारच्या मुलींच्या हातातले गंडे बघून मी हट्ट धरला, तर आप्पांनी वहीची दोरी काढून माझ्या मनगटाला बांधली. ‘ह्यो बी दोराच हाय. काय फरक पडला ते संध्याकाळी सांग,’ म्हणाले. संध्याकाळी काहीच फरक पडलेला नव्हता.

आप्पांची सगळी शिस्त अशीच, कारणासकट समजावून दिलेली. एकाच गोष्टीचं कारण त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. पाणी प्यायचं असलं की ते आधी शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर दुमडायचे. उजवी, मग डावी. मग ग्लास उचलायचे. पिऊन झालं की बाह्या खाली, बटणं बंद. आई चिडवायची, ‘पाणी पिताय का हिरीत उतरताय?’ ते नुसते हसायचे. मला वाटायचं, मास्तरकीची खोड.

अशा घरातली मुलगी बेळगावच्या चर्चमध्ये गुडघे टेकून बसायला लागली. मला देव मिळेल की नाही याची तेवढी धास्ती नव्हती. आप्पा माझे राहतील का, एवढीच होती. ती धास्ती मी वर्षभर हौसेखाली झाकून ठेवली.

सुरुवात आईच्या आजारपणात झाली. मी बेळगावच्या कॅम्पात एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासते, तिथंच खोली घेऊन राहते. आई जवळच्या इस्पितळात होती आणि दुपारी भेटीची वेळ होईपर्यंत मला तासभर कुठंतरी टेकायला लागायचं. चर्च उघडं असायचं. आत गार वाटायचं, आणि ‘तुम्ही कोण, कुठल्या’ असं कुणी विचारायचं नाही. आमच्या घरात मागायचं नसतं, लढायचं असतं. तिथं मी पहिल्यांदा मागितलं. आई वाचू दे, एवढंच. आई वाचली नाही. आणि तरी पुढच्या मंगळवारी मी त्याच बाकावर जाऊन बसले.

आप्पांनी नेमकं तेच विचारलं. ‘मागितल्यालं त्यानं दिलं न्हाय, आणि तू त्याच्याच दारात?’

‘तिथं बसलं की आई गेली असं वाटतं, आप्पा,’ मी म्हणाले. ‘घरात वाटतच न्हाय. घरात वाटतंय, आत भाकऱ्या करायलीय.’

ते खरं होतं, पण ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. दोघांनाही ते कळलं.

मग चर्चमधल्या एका म्हाताऱ्या सिस्टरकडं माझी बाप्तिस्म्याची शिकवणी सुरू झाली. ती मूळची मंगळूरकडची. मराठी बोलता बोलता कन्नडात घसरायची आणि तिथून परत यायला विसरायची. त्याआधी फादरनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. मी सज्ञान आहे, स्वखुशीनं येते आहे, माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. दिवसच असे आहेत की असा कागद जपून ठेवावा लागतो. तो मी आप्पांना वाचून दाखवला तेव्हा ते मनापासून हसले. ‘दबाव? तुज्यावर? उलट त्या बिचाऱ्यांनीच लिहून द्यायला पायजे, बाईचा आमच्यावर दबाव न्हाय म्हणून.’ त्या वर्षात ते असे हसले ते तेवढंच.

आता हौसेचं सांगते, कारण ती लपवण्यासारखी नव्हतीच. पर्समध्ये जपमाळ आली. ती इअरफोनमध्ये असा गुंता करून ठेवायची की निपाणीच्या बसमध्ये दोन्ही सोडवेपर्यंत संकेश्वर यायचं. खडेबाजारात फिरून फिरून मी मारियेच्या तसबिरीला चौकट करून घेतली. चौकटवाल्याला कडेला मोत्यांची नक्षी हवी होती, मला साधी लाकडी. आमचं असं भांडण झालं की देवाच्या आईनं कान झाकले असते. स्वयंपाकघरात संतांचं कॅलेंडर लागलं. रोज कुणा ना कुणाचा दिवस. हरवलेल्या वस्तू शोधून देणारा एक संत आहे हे कळल्यापासून मी किल्ल्या कुठं ठेवल्या ते खुशाल विसरायला लागले. लॅबमध्ये सुई टोचण्याआधी समोरच्या माणसासाठी मनात एक ओळ म्हणायची सवय लागली. एका आजोबांनी दंड पुढं करून विचारलं, ‘बाई, ओठ का हालायलेत? तुमीच घाबरलाय काय?’

चर्चमध्ये बाकावर बसण्याआधी वेदीकडं तोंड करून एक गुडघा टेकवायचा असतो. ते मला फार आवडलं. इतकं अंगवळणी पडलं की लॅबच्या मीटिंगला खुर्च्यांच्या रांगेत शिरताना मी तिथंही गुडघा टेकवला. समोर आमचे मोठे डॉक्टर, पडद्यावर रक्तातल्या साखरेचे तक्ते. ‘गुडघा धरलाय का?’ त्यांनी काळजीनं विचारलं. मी हो म्हटलं, आणि मग महिनाभर त्यांनी दिलेलं मलम डबीतून कचऱ्यात जात राहिलं.

रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आधी कन्नड, मग मराठी, मग इंग्रजी. ज्या गावात दुकानाच्या पाटीवरून डोकी फुटतात त्या गावात एकाच वेदीपुढं तीन भाषा ओळीनं येतात आणि आपली वेळ संपली की मुकाट्यानं बाक रिकामे करून देतात. मला याचं इतकं अप्रूप की एका रविवारी मी तीनही मिस्सांना बसले. तिसरीला सिस्टर माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, ‘पुरे गं बाई. घरी जा, जेव काहीतरी.’

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ लागला तशी मी कंबरच कसली. उपास हा प्रकार मला फक्त शेजारपाजारच्या घरांवरून माहीत. तिथं उपास म्हणजे साबुदाणा, शेंगदाणे, रताळं. शुक्रवारी सुट्टी काढून मी निपाणीला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा साबुदाणा भिजत घातला. त्याचा गोळा झाला तो झालाच. आप्पा माझ्या ताटलीकडं बघत राहिले.

‘ह्ये काय?’

‘उपास.’

‘ख्रिस्ती लोक साबुदाणा खात्यात?’

‘व्हय,’ मी ठणकावून सांगितलं.

बुधवारी शिकवणीत हे सांगितल्यावर सिस्टर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसली. ‘मांस खाऊ नको म्हटलं होतं मी! चपाती खा, भात खा, आमटी खा. साबुदाणा कुणी सांगितला तुला?’ कुणीच सांगितला नव्हता. लहानपणी दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरातून जो वास यायचा आणि आपल्या घरात कधीच यायचा नाही, तो मी बेचाळिसाव्या वर्षी वसूल करत होते.

चूक कबूल करायची म्हणून मी ती शनिवारी आप्पांनाही सांगितली. तेही हसतील असं वाटलं होतं. ‘खिचडीच खायची हुती तर एवढ्या लांब कशाला गेलीस? शेजारणीनं वाटीभर दिली असती,’ एवढं ते म्हणाले खरं. पण मग थोड्या वेळानं, वर्तमानपत्रातून मान वर न करता, हळूच म्हणाले, ‘माज्या बापानं टोपलीतनं जे जे सोडलं, ते ते तू येचून येचून परत आणायलीस.’ मी चहाचे कप उचलले आणि आत गेले. मला रडू आलं होतं आणि रागही आला होता, आणि रडू आल्याचा राग जास्त होता.

आता माझी लबाडी सांगते. चर्चच्या दाराशी आशीर्वादाच्या पाण्याचं एक स्टीलचं पिंप आहे, खाली नळ. लोक बाटल्या भरून नेतात. मीही एक कोल्ड्रिंकची रिकामी बाटली भरली आणि पुढच्या आठवड्यात निपाणीला नेली. आप्पा संध्याकाळी फिरायला गेले की आईच्या खोलीत, तिच्या पलंगापाशी, चार थेंब शिंपडायचे, असा बेत. कुणाला कळणार नव्हतं. घरात शिरले ती उन्हातनं, आणि बाटली हातातून गेली ती सवयीनं फ्रिजच्या दारात.

दुपारी आप्पा बँकेतून आले. मी ओट्याशी कांदा चिरत होते. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर आप्पा उजवी बाही दुमडत होते. मग डावी. मग बाटली तोंडाला लावून त्यांनी अर्धी संपवली. मी सुरी हातात धरून उभी. ओरडायला हवं होतं. 

‘जरा खारट लागतंय गं,’ ते म्हणाले.

आमचे फादर जुन्या वळणाचे, पाण्यात चिमूटभर मीठ घालून आशीर्वाद देणारे. लॅबमधलं काहीतरी आहे असं सांगून मी निभावून नेऊ शकले असते. पण आप्पांसमोर मला खोटं बोलता येत नाही. फक्त लपवता येतं.

‘ते प्यायचं न्हवतं, आप्पा.’

‘का? लॅबातलं हाय?’

‘चर्चमधलं. आशीर्वादाचं.’

त्यांनी बाटली खाली ठेवली. ‘मंतरल्यालं म्हण की.’

‘मंतरलेलं न्हाय.’

‘मग तीर्थ. मला न सांगता घरात तीर्थ आणलंस.’

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी त्यांचीच मुलगी. चूक माझी असली की माझा आवाज चढतो. ‘तुमीच म्हणता की, पाणी म्हणजे पाणी! मग झालं काय एवढं? पाणीच प्यालात न्हवं?’

आप्पा मागच्या दारी गेले. चूळ भरल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, तीनदा. परत येऊन खुर्चीत बसले. हनुवटी ओली होती आणि बाह्या अजून वरच होत्या. मी कधी त्यांना बाह्या वर ठेवून बसलेलं बघितलं नव्हतं. कोपराच्या वरची कातडी पांढरी, सुरकुतलेली, कधी ऊन न लागलेली.

‘शाळेच्या व्हरांड्यात रांजण हुता,’ ते म्हणाले. माझ्याकडं न बघता, वर्गाला सांगावं तसं. ‘आमी हात लावायचा न्हाय. शिपाई यायचा, त्याच्या सवडीनं. आमी खाली बसायचं, वंजळ धरायची, आणि त्यो वरनं वतायचा. उंचावरनं, शिवाशिव नगो म्हणून. निम्मं पाणी कोपरावर आणि कोपरावरनं बाहीत. वर्गात आलो की वल्या बाह्या बगून पोरं हसायची. कोण कुठनं पाणी पिऊन आलंय ते बाहीवरनंच कळायचं. मग मी बाह्या दुमडाय लागलो. कितीबी सांडू दे, बाही कोरडी. मग वर्गात मी बी सगळ्यांसारखाच.’

मी सुरी खाली ठेवली. आईला हे माहीत होतं का, हा पहिला प्रश्न माझ्या मनात आला, आणि तो मी आजवर विचारलेला नाही.

‘सत्तर वर्सं झाली,’ ते म्हणाले. ‘आता नळ माजा, फ्रिज माजा. तरी सवय जात न्हाय.’ मग म्हणाले, ‘तुज्या त्या बाप्तिस्म्यात काय करत्यात?’

मी कांद्याची सालं गोळा करायला लागले.

‘सांग की. वाचलंय मी. तू वाकायचं आणि त्यो वरनं वतणार.’

‘डोक्यावर वतत्यात, आप्पा. वंजळीत न्हाय.’

‘वरनंच की.’

त्याचं उत्तर सिस्टरच्या पुस्तकात होतं, चांगलं दोन पानांचं. ते त्या खोलीत काढून दाखवायची माझी छाती झाली नाही.

‘तू जा, बाळ,’ आप्पा म्हणाले. ‘सज्ञान हाईस, कागद लिवून दिलायस. मी आडवा येणार न्हाय. पण मला बगायला बोलवू नगोस. माजी पोर कुणाच्या हाताखाली वाकल्याली मला बगवायची न्हाय.’ मग त्यांनी बाह्या खाली घेतल्या आणि बटणं लावली.

उरलेलं पाणी मी परसातल्या कढीलिंबाच्या बुडात ओतलं. आईच्या खोलीत मी त्या दिवशी पाऊलही टाकलं नाही.

त्यानंतर हौस ओसरली. संतांच्या कॅलेंडरचं पान उलटायचं राहून गेलं. आप्पांना रोज सकाळी फोन व्हायचा, पण ‘गोळी घेतली?’ ‘घेतली’ यापलीकडं जायचा नाही. प्रार्थनेला बसलं की मला दाढीवाला ख्रिस्त दिसायच्या ऐवजी खाली बसलेला एक सहा-सात वर्षांचा मुलगा दिसायचा, आणि त्याच्यावर उभं राहून कोण ओततंय ते दिसायचं नाही. मी सिस्टरला म्हटलं, मला नीट प्रार्थना करता येत नाही. ती म्हणाली, ‘जे दिसतं तेच त्याला दाखव.’ मला ते उत्तर सोयीचं वाटलं आणि मी चिडून उठून आले.

बाप्तिस्म्यासाठी पांढरे कपडे लागतात. मराठी मिस्सेला येणाऱ्या एक बाई ते सगळ्यांना शिवून देतात. सिस्टरनं त्यांनाच माझी गॉडमदर ठरवलं होतं, म्हणजे विधीच्या वेळी माझ्या खांद्यावर हात ठेवणारी. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी मिस्सेनंतर त्यांनी मला चर्चच्या व्हरांड्यात उभं केलं आणि टेपनं मापं घ्यायला सुरुवात केली. मायाळू बाई. पाठ, छाती, उंची.

‘बाही लांब करू ना? मनगटापर्यंत? बरं दिसतं.’

मी करा म्हटलं.

टेप खांद्यावर धरून त्या म्हणाल्या, ‘आडनावावरून कळत नाही हो. तुम्ही मूळच्या कोण?’

‘बौद्ध.’

‘ते झालंच. त्याच्या आधी?’

‘त्याच्या आधी आईच्या पोटात होते,’ मी म्हणाले.

त्या हसल्या. ‘असंच विचारलं हो, राग नका मानू,’ म्हणाल्या आणि बाहीचं माप वहीत लिहिलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावरून जरासुद्धा हलला नव्हता, हेही खरं. पण मी इथं पहिल्यांदा बसले होते ते इथं कुणी विचारत नाही म्हणून. विचारायला वर्ष लागलं, एवढंच. खोलीवर जाऊन मी आप्पांचा नंबर काढला. म्हणणार होते, तुमचंच खरं, मी चुकले, येते परत. बोट बटणावर ठेवून कितीतरी वेळ बसले. लावला नाही. त्यांचं खरं होतं, पण माझंही खोटं नव्हतं. त्या बाकावर मला जे मिळालं होतं ते त्या बाईंनी दिलेलं नव्हतं आणि त्यांना ते काढूनही घेता येत नव्हतं.

फोनऐवजी मी दुसऱ्या दिवशी फादरकडं गेले आणि भांडल्यासारखं सगळं सांगितलं. रांजण, शिपाई, बाह्या, आणि त्या बाईंचा प्रश्न. ‘इथंही विचारतात,’ मी म्हणाले.

‘विचारतात,’ फादर म्हणाले. ‘विचारणाऱ्यांना बाहेर काढायचं ठरवलं तर मिस्सेला मी एकटा उरेन. आणि माझीही खात्री नाही.’ मग म्हणाले, ‘पुढच्या वर्षी कर. घाई कसली?’

‘आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मला ते असताना करायचंय. ते गेल्यावर केलं तर ते चोरून केल्यासारखं होईल.’

फादर म्हणाले, ‘मी खालच्या पायरीवर उभा राहू का? तू वर.’

‘मग मला आणखी वाकावं लागेल, फादर.’

आम्ही दोघंही हसलो, आणि काहीच सुटलं नाही.

शनिवारी सकाळी मी आप्पांना सांगितलं, ‘उद्या हाय.’ मोठा विधी खरं तर आदल्या संध्याकाळी असतो, पण मला विधी झाल्या झाल्या निपाणीची बस गाठता यावी म्हणून फादरनी माझं ईस्टरच्या सकाळी ठेवलं होतं.

‘बरं,’ आप्पा म्हणाले.

‘झालं की दुपारच्या गाडीनं येऊ का?’ आयुष्यात मी त्यांना घरी येऊ का असं विचारलं नव्हतं.

 मग ‘बग तुजं’ म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी मी वाकले. खांद्यावर त्या बाईंचा हात होता. खळ दिलेला पांढरा ड्रेस कडक उभा होता. फादरनी माझं नाव घेतलं आणि पाणी ओतलं, तीनदा, थंडगार. देव त्या वेळी आठवला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला रांजण आठवला. आणि मला न कळत माझे हात वर आले, हनुवटीखाली जुळले, ओंजळ झाली. ती भरली, आणि पाणी मनगटावरून कोपरापर्यंत नव्या लांब बाह्यांत उतरलं. मी रडायला लागले. लोकांना वाटलं आनंदानं. त्यात आनंदही होता. पण त्या पाण्याखाली मी एकटी नव्हते. एक मुलगा खाली बसलेला होता, आणि त्याला कधीच कुणी त्याचं नाव घेऊन पाणी दिलं नव्हतं, याचं ते रडू होतं.

बाईंनी टॉवेल दिला, सिस्टरनं गालाचा मुका घेतला, कुणीतरी केक पुढं केला. मी कपडे न बदलता स्टँडवर गेले. बसमध्ये बाह्या हाताला चिकटून होत्या. संकेश्वर येईपर्यंत वाळल्या. पण खळीच्या कापडावर पाण्याचे डाग राहतात. मनगटापासून कोपरापर्यंत पिवळसर कडा उमटल्या होत्या, दोन्ही बाह्यांवर. पर्समध्ये दुसरा कुर्ता होता. तो वरून चढवावा असं वाटलं, पण लपवणं एकदा झालं होतं, तेवढं बस होतं.

दार उघडं होतं. आप्पा दारापुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मला बघून उठले. त्यांनी आधी ड्रेस बघितला, मग केस, मग बाह्या. बाह्यांवर त्यांची नजर थांबली. मास्तर माणूस, वही वाचावी तसं त्यांनी ते डाग वरपासून खालपर्यंत वाचले. मी एक चप्पल काढलेली, एक पायात, तशीच उभी. ‘ये’ म्हणाले नाहीत. ‘जा’ही म्हणाले नाहीत. वळून आत गेले.

आतून माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. ते स्टीलचा ग्लास भरून घेऊन बाहेर आले. मी हात पुढं केला. त्यांनी ग्लास दिला नाही. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

‘थांब,’ म्हणाले.

त्यांनी माझं उजवं मनगट धरलं आणि बाहीचं बटण काढायला लागले. नवं काज घट्ट होतं, पहिल्या खेपेला निघेना. निघाल्यावर त्यांनी ती बाही एक घडी, दुसरी घडी करत कोपराच्या वर नेली आणि हातानं दाबून नीट बसवली. मग डावी. मग ग्लास उचलून माझ्या हातात दिला.

‘आता पी.’